पाणी दाबलं जातं! लांब पाइपलाइनमधल्या धक्क्याचा हिशेब, पायरी पायरीने

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी उपसा योजनेवर मला बोलावलं होतं ते ‘पाइप फुटला’ म्हणून. जाऊन बघतो तर पाइप शाबूत. नदीकाठच्या जॅकवेलपासून (जिथून पंप पाणी उचलतात ती विहीर) सव्वा किलोमीटरवर, लाइन जिथे टेकाड चढून सपाटीला लागते, तिथल्या फ्लँजच्या जोडातून पाण्याचा फवारा उडत होता. बोल्ट काढले तर रबराचं पॅकिंग एका बाजूने आत, पाइपच्या पोटात ओढलं गेलेलं. पंप ऑपरेटर ते हातात धरून म्हणाला, “सायेब, दाबानं पॅकिंग भाईर याला पायजे की. हे आत कसं गेलं? आन् व्हॉल्वला तर कुनी हातबी लावला न्हाई. लाइट गेली, एवढंच.”

प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्याचं उत्तर शाळेत शिकलेल्या एका अर्धसत्याच्या आड दडलं आहे: द्रव पदार्थ दाबले जात नाहीत. रोजच्या कामाला हे वाक्य चालतं. तीन किलोमीटर लांबीच्या ऊर्ध्ववाहिनीला, म्हणजे पंपाने पाणी वर चढवणाऱ्या लाइनला, ते चालत नाही.

पुढे जे आकडे वापरतो ते त्याच धाटणीच्या लाइनचे आहेत, फक्त हिशेबाला सोपे करून घेतलेत. पोलादी पाइप, व्यास ४५० मिलिमीटर, जाडी ६ मिलिमीटर, लांबी ३००० मीटर. जॅकवेलमधल्या पाण्यापासून डिलिव्हरी चेंबरपर्यंत (लाइनच्या शेवटी पाणी पडतं ती टाकी) चढ ६० मीटर. पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटर, म्हणजे सेकंदाला साधारण २४० लिटर. घर्षणात जातात १४ मीटर, म्हणून पंपाजवळचा हेड (जॅकवेलमधल्या पाण्यापासून, पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब) ७४ मीटर. दीडशे हॉर्सपॉवरचे दोन पंप. तुमच्या लाइनचे आकडे शेजारी लिहून घ्या आणि सोबत चला.

पहिली पायरी: पाइपकडे स्प्रिंग म्हणून बघा

हजार लिटर पाण्यावर एक किलो (म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलो, फील्डवर आपण म्हणतो तोच) दाब वाढवला तर ते साधारण ४५ मिलिलिटरने आकसतं. खोकल्याच्या औषधाची तीन टोपणं. सतराव्या शतकात फ्लॉरेन्सच्या विद्वानांनी धातूच्या गोळ्यात पाणी भरून तो चेपला, पाणी आकसलेलं काही दिसलं नाही. पाणी दाबलं जातं हे १७६२च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉन कँटन यांनी प्रयोगाने दाखवून दिलं. एवढीशी गोष्ट पकडायला शंभर वर्षं लागली यात नवल नाही.

पण आपल्या लाइनमध्ये हजार लिटर नाही, ४७७ घनमीटर पाणी आहे. ४७७ टन. ते सेकंदाला दीड मीटरने चाललंय. समजा शेवटाला एक झडप डोळ्याची पापणी लवते न लवते तोच बंद झाली. पाणी मुळीच दाबलं जात नसतं तर हे ४७७ टन एका क्षणात थांबायला हवे होते, आणि त्याला लागणारा दाब अनंत आला असता. एकही पाइप टिकला नसता. तसं होत नाही, कारण थांबतं ते फक्त झडपेला टेकलेलं पाणी. त्याच्या मागचं त्याच्यावर येऊन आदळतं, दबतं, थांबतं. मग त्याच्या मागचं. ‘थांबा’ ही बातमी पाण्यातून मागे मागे सरकत जाते. दुसऱ्या टोकाला ती पोचेपर्यंत तिथलं पाणी बेफिकीर आत येतच असतं.

किती येतं? बातमीचा वेग आपल्या लाइनमध्ये सेकंदाला ११०० मीटर आहे (तो कसा काढायचा ते लगेच येतं). तीन किलोमीटरला २.७ सेकंद. तेवढ्यात २४० लिटरच्या दराने साडेसहाशे लिटर पाणी बंद पाइपमध्ये घुसतं. ते मावतं कुठे? साडेतीनशेवर लिटर पाणी दबल्याने झालेल्या जागेत. उरलेलं तीनशेच्या आसपास पाइप फुगल्याने झालेल्या जागेत. आणि फुगणं तरी किती? ४५० मिलिमीटरच्या पाइपचा व्यास वाढतो ०.१४ मिलिमीटरने, पोस्टकार्डाच्या जाडीहूनही कमी.

हा हिशेब मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी हाताने करायला लावतो. दोन्ही बाजू साडेसहाशेवर जुळल्या की पुढची सूत्रं पाठ करावी लागत नाहीत.

दुसरी पायरी: लाटेचा वेग काढा

मघाची ‘थांबा’ ही बातमी म्हणजेच दाबाची लाट. तिचा वेग काढायला चार गोष्टी लागतात, आणि ताठपणाचे दोन्ही आकडे चौरस सेंटिमीटरला किलो याच मापात घ्या. पाण्याचा ताठपणा (बल्क मॉड्युलस) २२ हजार. पाइपच्या मालाचा ताठपणा: पोलाद २० लाख, डक्टाइल आयर्न १७ लाख, पीव्हीसी साधारण ३० हजार, एचडीपीई ९ हजारांच्या आसपास. मग व्यास आणि भिंतीची जाडी.

कृती अशी. पाण्याचा ताठपणा भागिले पाइपचा ताठपणा. त्याला गुणिले व्यास भागिले जाडी. त्यात १ मिळवा. त्याचं वर्गमूळ काढा. १४८३ला (पाण्यातला आवाजाचा वेग, सेकंदाला मीटरमध्ये) त्याने भागा.

आपल्या लाइनला: ०.०११ गुणिले ७५ म्हणजे ०.८२५, एक मिळवून १.८२५, वर्गमूळ १.३५, उत्तर साधारण ११००. तीच कृती व्यासाच्या तिसाव्या हिश्श्याएवढी भिंत असलेल्या पीव्हीसी पाइपला केली तर ३१०च्या आसपास येते. एचडीपीईला, भिंत विसाव्या हिश्श्याची असेल तर, २१०. मऊ पाइप स्वतः फुगून धक्का खातो, म्हणून त्यातली लाट रेंगाळत जाते.

जाडी कागदावरची घेऊ नका. पंधरा वर्षांच्या लाइनवर अल्ट्रासॉनिक जाडीमापक लावा. सहाचे साडेचार झालेले मी पाहिलेत. पातळ भिंतीने लाटेचा वेग थोडा उतरतो, पण पाइपची ताकद त्याहून बरीच जास्त उतरते.

आपल्याकडच्या पाणीपुरवठ्याच्या मॅन्युअलमध्ये १४८३च्या जागी १४२५ हा आकडा दिसतो. घाबरू नका. पाण्यातला आवाजाचा वेग तापमानाने बदलतो: ५ अंशाला तो १४२५च्या जवळ, २८ अंशाला १५००च्या वर. गंमत अशी की आपल्या हवामानात पाणी जितकं कोमट तितकं दाबायला कठीण. हा फरक पाचेक टक्क्यांचा आहे. त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये.

हवेबाबत मात्र वाद घालावा. पाण्यात सुट्ट्या बुडबुड्यांच्या रूपात हजारात एक भाग हवा असली आणि दाब जवळपास वातावरणाएवढाच असला तर आपल्या लाइनमधला लाटेचा वेग ११०० वरून थेट ३००वर येतो. तेच बुडबुडे दहा पट दाबाखाली चेपले गेले की वेग पुन्हा १०४०च्या घरात. म्हणजे एकाच लाइनमध्ये, खाली पंपाजवळ आणि वर टेकाडावर, लाट वेगवेगळ्या चालीने चालते. ‘हवा असलेली बरी, धक्का कमी बसतो’ असं म्हणणारे भेटतात. बारीक विखुरलेल्या बुडबुड्यांपुरतं ते खरं आहे. पण उंचवट्याला साचलेला हवेचा मोठा गोळा ही निराळी चीज: पंप सुरू करताना पाणी त्याच्यावर जाऊन आदळतं, तो दबतो आणि उलटा फेकतो.

तिसरी पायरी: लाइनचं घड्याळ लावा

लाट या टोकापासून त्या टोकाला जाऊन परत यायला लागणारा वेळ म्हणजे लांबीची दुप्पट भागिले लाटेचा वेग. आपल्याला ६००० भागिले ११००, साडेपाच सेकंद. हा आकडा जॅकवेलच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवावा अशा लायकीचा आहे. जो बदल साडेपाच सेकंदांच्या आत घडतो तो लाइनच्या दृष्टीने ‘एकदम’ घडला. झडप एका सेकंदात बंद करा की पाच सेकंदांत, शिखराचा दाब तोच.

गुरुत्ववाहिनीवर (पंपाशिवाय, उताराने वाहणारी लाइन) झडप फिरवणाऱ्या माणसाचं सगळं शहाणपण इथे लागतं. सरधोपट हिशेब सांगतो की झडप ६० सेकंदांत बंद केली तर दाब लांबी गुणिले वेग भागिले (९.८१ गुणिले ६०), म्हणजे जेमतेम आठ मीटरने वाढेल. कागदावर छान. प्रत्यक्षात लांब लाइनमध्ये स्लुइस व्हॉल्व (चाकाच्या फेऱ्या मारून बंद करायची झडप) अर्ध्याच्या वर बंद होईपर्यंत प्रवाहाला काही कळतच नाही, कारण घर्षणाचं ओझं झडपेहून मोठं असतं. खरं थांबणं शेवटच्या दहाएक टक्के फेऱ्यांत होतं. ६० सेकंदांचे उरले सहा, आणि सहा म्हणजे पुन्हा साडेपाचाच्या शेजारीच. म्हणून नियम: पहिल्या फेऱ्या हव्या तशा मारा, शेवटच्या आठ-दहा फेऱ्यांना जीव मुठीत धरून वेळ द्या.

चौथी पायरी: धक्क्याची कमाल मर्यादा

लाटेचा वेग गुणिले पाण्याच्या वेगातला बदल भागिले ९.८१. ११०० गुणिले १.५ भागिले ९.८१ म्हणजे १६८ मीटर. जवळपास १७ किलो. हे सूत्र झुकोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखतात. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या पाइपांवर त्यांनी १८९७-९८मध्ये प्रयोग केले होते.

सूत्रात लांबी नाही, चढ नाही, पंपाची ताकद नाही, हे लक्षात घ्या. शंभर मीटरची लाइन असो की पन्नास किलोमीटरची, एकदम थांबवलं तर पहिला धक्का तेवढाच. लांबीने बदलतं ते घड्याळ, आणि लांब लाइनमध्ये आत घुसत राहणाऱ्या पाण्यामुळे पहिल्या धक्क्यावर आणखी थोडी चढणारी भर.

पीव्हीसीला हेच केलं तर ४७ मीटर. दिलासा वाटतो, पण जरा थांबा. सहा किलोच्या वर्गाचा पाइप म्हणजे ६० मीटर. तो ३५ मीटरवर चालत असेल तर ३५ अधिक ४७ म्हणजे ८२. पोलादाला १६८ मीटरचा धक्का पचतो, पीव्हीसीला ४७चा पचत नाही. धक्का लहान की मोठा हे पाइपच्या वर्गाशी ताडून ठरवायचं.

पाचवी पायरी: लाइट घालवून बघा (कागदावर)

इथे थोडं थांबायला लागेल. आपल्याकडच्या ऊर्ध्ववाहिन्यांचा खरा वैरी झडप नाही, वीज आहे.

वीज जाते. मोटर आणि पंपाचं फिरणारं वजन या आकाराच्या संचात फार नसतं. त्याचं जडत्व ३ किलोग्रॅम-चौरस मीटर धरलं तर पंपाचा वेग ०.६५ सेकंदात अर्ध्यावर येतो. आपलं घड्याळ साडेपाचाचं. म्हणजे लाइनच्या लेखी पंप एकदम मेला. आता मागून ढकलणारं कुणी नाही, पुढचं पाणी मात्र दीड मीटरने पळतंय. म्हणून पहिली लाट दाब वाढवणारी नसते, दाब उतरवणारी असते: सूत्राने जास्तीत जास्त उणे १६८ मीटर.

लाइनचा उभा छेद काढा. हातानेच, ग्राफपेपरवर. खाली जमिनीची रेषा, वर चालू स्थितीतल्या हेडची रेषा. आपल्या लाइनमध्ये पाइप पहिल्या १२०० मीटरमध्ये ४८ मीटर चढतो आणि पुढे जवळपास सपाटीने चेंबरकडे जातो. त्या टेकाडावर चालू हेड ६८ मीटर, पाइप ४८वर. म्हणजे तिथला रोजचा दाब फक्त २० मीटर. उतरती लाट तिथे १.१ सेकंदात पोचते आणि १६८ वजा करू पाहते. वीसातून एकशे अडुसष्ट कसे जाणार?

जात नाहीत. दाब साधारण उणे ९ मीटरला पोचला की आपल्या तापमानाचं पाणी पाइपमध्येच उकळतं, गार असतानाच, आणि वाफेची पोकळी तयार होते. पाण्याचा अखंड दोर तिथे तुटतो. पंपाकडचे १२०० मीटर वेगळे, चेंबरकडचे १८०० मीटर वेगळे. ऑपरेटरच्या हातातलं पॅकिंग आत ओढलं गेलं ते या पोकळीने. बाहेरून वातावरण ढकलतंय, आतून कुणी पाठीशी नाही. (पिण्याच्या पाण्याच्या लाइनवर हाच क्षण गटाराचं पाणी जोडांतून आत घेतो, म्हणून उणे दाब हा नुसता यांत्रिक प्रश्न समजू नये.)

आता पोकळीचा हिशेब, जो बहुतेक जण सोडून देतात. टेकाडावर हेड ३९ (४८ वजा ९), चेंबरला ६०. म्हणजे पुढच्या १८०० मीटरच्या स्तंभाला २१ मीटरचा फरक आणि घर्षण मिळून मागे ओढतात. तो पावणेबारा सेकंदांत थांबतो, पण तोवर सव्वाआठ मीटर पुढे गेलेला असतो. मागचा १२०० मीटरचा स्तंभ चढावर असल्याने लवकर दमतो: तीनेक मीटर पुढे येऊन थांबतो, मग पंपाजवळचा नॉन रिटर्न व्हॉल्व (एकाच दिशेने उघडणारी झडप) त्याला मागे जाऊ देत नाही. फरक पाच मीटर. ०.१५९ चौरस मीटरच्या पाइपमध्ये पाच मीटर म्हणजे ०.८ घनमीटरची पोकळी. चार ड्रम मावतील एवढी.

मग पुढचा स्तंभ उलटा फिरतो. पाच मीटरचं अंतर कापताना त्याला सेकंदाला एक मीटरचा वेग येतो आणि वीज गेल्यापासून साधारण २२ सेकंदांनी तो थांबलेल्या पाण्यावर आदळतो. वाफ हवेसारखी उशी होत नाही, क्षणात पुन्हा पाणी होते. पाण्यावर पाणी आपटलं की धक्का निम्म्या सूत्राने: ११०० गुणिले १ भागिले १९.६, म्हणजे साधारण ५६ मीटर. टेकाडावर हेड ३९ वरून ९५. ती लाट खाली पंपाकडे जाते, बंद नॉन रिटर्न व्हॉल्ववर आपटून दुप्पट होते: ३९ अधिक ११२, म्हणजे १५१ मीटर. जिथे रोज ७४ असतात तिथे दुपटीहून जास्त.

‘लाइट गेली की वीसेक सेकंदांनी जॅकवेलमध्ये दणका बसतो’ असं ऑपरेटर सांगतात ते हेच. त्यांचं निरीक्षण सहसा अचूक असतं. कागद घेऊन त्यांच्याशी बसावं: किती सेकंदांनी, किती वेळा, पहिला मोठा की दुसरा. दणका दोन-तीन सेकंदांत बसत असेल तर दोष बहुधा सुस्त नॉन रिटर्न व्हॉल्वचा. वीस सेकंदांनी बसत असेल तर कुठेतरी दोर तुटून जुळतोय.

सहावी पायरी: एक्सेलमध्ये लाट चालवा

वरचा हिशेब ढोबळ आहे. नेमका हवा तर लाइनचे १००-१०० मीटरचे ३० तुकडे करा. वेळेचा टप्पा १०० भागिले ११००, म्हणजे ०.०९ सेकंद. दर टप्प्याला प्रत्येक ठिकाणी दोनच गोष्टी काढायच्या: हेड आणि प्रवाह. प्रत्येक ठिकाणाला मागच्या आणि पुढच्या शेजाऱ्याची मागच्या टप्प्यातली बातमी मिळते. मागच्याची बातमी: त्याचा हेड, अधिक ब गुणिले त्याचा प्रवाह, वजा घर्षण. पुढच्याची: त्याचा हेड, वजा ब गुणिले त्याचा प्रवाह, अधिक घर्षण. इथे ब म्हणजे लाटेचा वेग भागिले (९.८१ गुणिले पाइपचा छेद), आपल्याला ७०५. दोन बातम्यांची सरासरी म्हणजे नवा हेड. वजाबाकीला ब च्या दुपटीने भागलं की नवा प्रवाह.

टोकांचे नियम: चेंबरला हेड कायम ६०. पंपाकडे हेड उतरत शून्याजवळ न्या, आणि प्रवाह उलटा व्हायला लागला की तो शून्य करून टाका (नॉन रिटर्न व्हॉल्व बंद झाला). मधल्या कुठल्याही ठिकाणी हेड पाइपच्या उंचीहून ९ मीटर खाली गेला तर तिथेच अडवा आणि दोन बाजूंच्या प्रवाहांच्या फरकाने पोकळी किती वाढली ते मोजत राहा. पोकळी शून्य झाली की पुन्हा नेहमीचा नियम. पीव्हीसी-एचडीपीईला या पद्धतीने धक्के थोडे जास्त काळ घुमताना दिसतील, कारण प्लॅस्टिक ऊर्जा गिळतं आणि आपण ते धरलेलं नाही. मोठ्या योजनेला विकतचं सॉफ्टवेअर लागेलच, पण त्याचं उत्तर खरं की खोटं हे कळायला स्वतःची ही शीट हाताशी असावी. सल्लागाराच्या जाडजूड अहवालात लाटेचा वेग एचडीपीईला १२०० धरलेला मी वाचलाय.

सातवी पायरी: वरच्या बाजूइतकंच खालच्या बाजूलाही तपासा

वाढीव दाबासाठी पाइपचा वर्ग सगळेच बघतात. उणे दाबाने पाइप चेपण्याचं गणित क्वचित होतं. गोल पोलादी पाइप बाहेरच्या दाबाने किती टिकतो हे जाडी भागिले व्यास याच्या घनावर अवलंबून असतं. आपल्या ४५० ला ६ मिलिमीटर असताना चेपायला सुमारे १० किलो लागतील. पोकळी फक्त एक किलोने ओढते, चिंता नाही. पण तीच ६ मिलिमीटर जाडी हजार मिलिमीटरच्या पाइपला वापरली की आकडा एका किलोच्याही खाली येतो. जमिनीवरचा उघडा पाइप, किंचित लंबगोल झालेला, आणि एअर व्हॉल्व (हवा आत-बाहेर जाऊ देणारी झडप) चिकटलेला: एका रात्रीत पापडासारखा बसतो. जपानमध्ये ओइगावा जलविद्युत केंद्रावर १९५०मध्ये झडप फार वेगाने बंद झाली, पेनस्टॉक (टर्बाइनकडे पाणी नेणारा पाइप) फाटला, आणि पाणी धो धो बाहेर पडल्याने वरच्या बाजूचा पाइप पोकळीने चेपून गेला. एकाच अपघातात दोन्ही तऱ्हा.

आठवी पायरी: उपाय, आणि कुठला कुठे

फ्लायव्हील, म्हणजे पंपाच्या दांड्यावर बसवलेलं जड चाक. कल्पना सुंदर, पण आपल्या उदाहरणात पंप साडेपाच सेकंदांच्या तोडीने मंदावायला फिरणारं वजन आठपट लागेल. लहान लाइनला ठीक, तीन किलोमीटरला नाही.

टेकाडावरचा एअर व्हॉल्व. हा हवाच, पण दोन अटींवर. हवा आत भरभर घ्यायची, बाहेर हळू सोडायची. भरभर सोडणारा व्हॉल्व शेवटची हवा गेल्याबरोबर धाडकन बंद होतो आणि स्वतःच धक्का तयार करतो. एअर कुशन व्हॉल्व याच तत्त्वावर चालतो: उणे दाबाला हवा घेतो, परतणाऱ्या पाण्याला तीच उशी म्हणून देतो. दुसरी अट: दर तीन महिन्यांनी तो उघडून चेंडू मोकळा आहे का ते बघणं. त्या फवाऱ्याच्या जागेपासून चार फुटांवर एअर व्हॉल्व होता. गंजून चिकटलेला, वर कुणीतरी गोणपाट गुंडाळलेलं, कारण तो ‘गळत होता’.

एकमार्गी टाकी. या लाइनला मी हीच सुचवली. टेकाडावर पाइपपेक्षा तीनेक मीटर उंच एक साधी टाकी, खाली पाइपकडेच उघडणारा नॉन रिटर्न व्हॉल्व. रोज तिचा काही संबंध नाही; दाब पडला की ती पाणी सोडते आणि दोर तुटू देत नाही. आकार? टाकीने टेकाडावरचा हेड ५१ला धरला तर पुढचा स्तंभ थांबायला २४ सेकंद घेतो आणि तोवर २.६ घनमीटर पाणी मागतो. मागच्या स्तंभाची मदत मी धरत नाही. दुप्पट सुरक्षिततेने पाच घनमीटर. टाकी भरायला लाइनवरूनच बारीक नळी आणि फ्लोट व्हॉल्व. फ्लोट बिघडून टाकी रिकामी राहिली तर ती टाकी नसून पुतळा आहे. म्हणून तिला बाहेरून दिसणारी काचेची लेव्हल-नळी द्या.

झिरो व्हेलॉसिटी व्हॉल्व. स्प्रिंगने चालणारा, वेग कमी होत जाईल तसा मिटत येतो आणि पाणी शून्यावर येतं त्याच वेळी पुरता बंद होतो. उलटा प्रवाह सुरूच होऊ देत नाही, लांब स्तंभाचे तुकडे पाडतो. एकसारख्या चढाच्या लाइनला उत्तम. चालू असताना थोडा हेड खातो, तो पंपाच्या हिशेबात धरा.

हवेची दाबटाकी (सर्ज व्हेसल) पंपाजवळ बसवली की जवळपास कुठल्याही लाइनला पुरते. पण तिला कॉम्प्रेसर हवा, लेव्हल बघणारा माणूस हवा, आणि हवा पाण्यात विरघळत जाते ती सतत भरावी लागते. शहराच्या योजनेला जरूर. जिथे महिन्याचं वीजबिल भरताना संस्थेची दमछाक होते तिथे सहा महिन्यांत ती नुसती पाण्याने भरलेली टाकी होते. आणखी एक: दाबटाकी असली की पाणी पंपाकडे फार लवकर उलटतं, म्हणून जुना जड झाकणाचा नॉन रिटर्न व्हॉल्व तिच्याजोडीला ठेवू नका, आपटून मोडेल.

नवीन लाइनच आखत असाल तर सगळ्यात स्वस्त उपाय आखणीतच आहे. टेकाडावरून सरळ न जाता थोडा वळसा घेऊन चढ शेवटाकडे ढकलता येतो का बघा. वेग दीडचा एक केला तर १६८ मीटरचे ११२ होतात. पाइप मोठा लागतो, पण घर्षण घटल्याने वीजही वाचते.

नववी पायरी: चाचणी

हायड्रॉलिक टेस्ट सगळेच करतात. त्यात एक बादली आणि वही घेऊन बसा. आपल्या लाइनमध्ये दाब एक किलोने वाढवायला पाणी किती लागलं पाहिजे? ४७७ घनमीटरला दर हजार लिटरमागे ४५ मिलिलिटर म्हणजे साडेएकवीस लिटर, त्यात पाइप फुगण्याचे ०.८२५ पट. मिळून ३९ लिटर. टेस्ट पंपाने दोन किलोवरून बारा किलोवर नेताना ३९० लिटर लागले, लाइन स्वच्छ. सुरुवातीच्या एकेका किलोला शंभर-दोनशे लिटर जात असतील आणि वर जाताना ते कमी कमी होत असतील तर कुठेतरी हवा अडकली आहे. सगळ्या किलोंना सारखंच जास्त जात असेल तर गळती शोधा. पाणी दाबलं जातं याचा एवढा रोख उपयोग दुसरा नाही.

दणका मोजायला डायलचा गेज वापरू नका. काटा हलायच्या आत लाट परतते. सेकंदाला निदान शंभर नोंदी घेणारा प्रेशर ट्रान्समीटर नॉन रिटर्न व्हॉल्वच्या पुढे एक आणि टेकाडावर एक लावा. मग आधी एकच पंप चालवून तो मुद्दाम ट्रिप करा. आलेख सूत्राशी जुळला तरच दोन्ही पंपांवर जा. आलेखातल्या दोन ठळक पायऱ्यांमधलं अंतर मोजा: साडेपाचच्या जागी आठ सेकंद निघाले तर लाटेचा वेग ७५०च आहे, म्हणजे लाइनमध्ये हवा आहे.

रिकामी लाइन भरताना पाण्याचा वेग सेकंदाला ०.३ मीटरच्या आत ठेवा. आपल्या लाइनला ते निदान पावणेतीन तास होतात. आणि लाइट परत आल्याबरोबर स्टार्टरचं बटण दाबू नका. लाट शमायला आणि टेकाडावर घेतलेली हवा बाहेर पडायला निदान दहा मिनिटं द्या. त्या योजनेवर आम्ही स्टार्टरलाच दहा मिनिटांचा टायमर लावून टाकला. पहिले दोन दिवस शेतकरी वैतागले, पाण्याची पाळी चुकते म्हणून. ऑपरेटरने जुनं, एका बाजूने ओढलेलं पॅकिंग पॅनेलच्या खिळ्याला अडकवून ठेवलंय. कुणी बोलायला आलं की तो तेच दाखवतो.